दिसत नाही म्हणून पासवर्ड गावभर सांगू नका. टॉकबॅक लावा, मोबाईल स्वतःच भरून देतो

आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात. काचबिंदूने त्यांच्या दोन्ही डोळ्यांची नजर गेली, त्याला आता सहा वर्षं झाली. एका सरकारी साईटवरचा त्यांचा पासवर्ड किती जणांना माहीत आहे, याची आम्ही एकदा ओट्यावर बसून मोजदाद केली. नातू, पुतण्या, झेरॉक्सवाला, तालुक्याच्या एका सेंटरमधला पोरगा, आणि त्या सेंटरमध्ये रांगेत मागे उभे असलेले जे कोणी असतील ते. पासवर्ड तोंडानेच सांगावा लागायचा आणि गुरुजींचा आवाज वर्गातला, खणखणीत.

मागच्या वर्षी त्यांच्या खात्यातला मोबाईल नंबर कोणीतरी बदलला. ओटीपी दुसऱ्याच्याच फोनवर जायला लागला. कोणी बदलला ते आजपर्यंत कळलं नाही, कारण संशय घ्यायचा तर निम्म्या गल्लीवर घ्यावा लागला असता. नंबर परत आपला करून घ्यायला तीन हेलपाटे पडले.

गंमत अशी की गुरुजींचा फोन तेव्हाही बोलणाराच होता. व्हॉट्सअॅप, बातम्या, फोन लावणं, सगळं ते कानाने करतात. अडायचं ते फक्त लॉगिनच्या पानावर. पासवर्ड फोनमध्ये सेव्ह करता येतो आणि नंतर एक अक्षर न टाइप करता भरता येतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आपल्या गावात ज्यांना दिसत नाही किंवा फार कमी दिसतं, अशा प्रत्येकाच्या घरी हे वाचून दाखवा.

आधी टॉकबॅक

अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते. पडद्यावर जे आहे ते ती बोलून दाखवते. पैसे लागत नाहीत, बहुतेक फोनमध्ये ती आधीच असते. सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटी, त्यात टॉकबॅक, तिथे चालू करायचं. एकदा शॉर्टकट लावून घेतला की आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद एकत्र दाबून ते चालू किंवा बंद करता येतं.

टॉकबॅक चालू झाल्यावर फोनची चाल बदलते. एकदा बोट लावलं की फोन फक्त नाव सांगतो, उघडत नाही. उघडायचं असेल तर पडद्यावर कुठेही पटकन दोनदा टॅप. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, डावीकडे सरकवलं की मागची. पान वर-खाली करायला दोन बोटं. (घरातल्या लहान पोराने चुकून टॉकबॅक लावलं आणि फोन 'बिघडला' म्हणून दुरुस्तीच्या दुकानात गेला, असे किस्से प्रत्येक गावात सापडतील. फोन बिघडलेला नसतो.)

आवाज मराठी हवा असेल तर सेटिंग्जमध्ये टेक्स्ट-टू-स्पीच शोधा आणि गूगलचा मराठी आवाज डाउनलोड करून घ्या. सुरुवातीला वेग कमी ठेवा. गुरुजींचा आता इतका वाढवलाय की शेजारी बसलेल्याला काही समजत नाही, आणि ते म्हणतात की तेच बरं.

पासवर्ड एकदाच, जपून

फोनमधलं क्रोम तुमच्या जीमेल खात्याने चालू असेल तर पासवर्ड गूगल पासवर्ड मॅनेजर नावाच्या कप्प्यात राहतात. हा कप्पा खात्याबरोबर असतो. फोन हरवला, नवीन घेतला, त्याच खात्याने चालू केला की पासवर्ड परत हजर.

पहिल्यांदा मात्र एकदा टाइप करावं लागतं. टॉकबॅकमध्ये कीबोर्डवर बोट फिरवत जायचं, हवं ते अक्षर ऐकू आलं की बोट उचलायचं, की ते अक्षर उमटतं. सावकाश होतं, पण होतं. लॉगिन झाल्यावर क्रोम विचारतं, पासवर्ड सेव्ह करायचा का. इथेच बरेच जण चुकतात. ही सूचना क्रोमच्या व्हर्जनप्रमाणे पडद्याच्या वरच्या किंवा खालच्या कडेला येते आणि थोड्या वेळाने निघून जाते. टॉकबॅक ती नेहमी लगेच वाचेलच असं नाही. म्हणून लॉगिनचं बटण दाबल्यावर लगेच वरच्या कडेला आणि मग खालच्या कडेला बोट फिरवून बघायचं. 'सेव्ह' असं ऐकू आलं की दोनदा टॅप.

ती संधी हुकली तरी बिघडत नाही. क्रोमच्या वरच्या कोपऱ्यातले तीन टिंब, त्यात सेटिंग्ज, त्यात गूगल पासवर्ड मॅनेजर. तिथे नवीन पासवर्ड स्वतः जोडता येतो. साईटचा पत्ता, यूजरनेम, पासवर्ड भरायचा आणि सेव्ह. घरी निवांत बसून, हेडफोन लावून हे काम करावं. आमच्या मते हाच रस्ता जास्त चांगला. सेंटरच्या गर्दीत, मागून कोणी डोकावत असताना पहिल्यांदा पासवर्ड टाइप करण्यापेक्षा घरच्या खाटेवर केलेलं बरं.

नवीन खातं उघडत असाल तर आणखी सोपं. क्रोम स्वतःच एक लांबलचक, कोणाला न सुचणारा पासवर्ड सुचवतं. दिसणाऱ्या माणसाला तो पाठ होणार नाही, आपल्याला पाठ करायचाच नाही. जन्मसाल, गावाचं नाव, नातवाचं नाव असले पासवर्ड त्यामुळे बंद होतात.

भरायचा कसा

आता मुख्य काम. साईट उघडली, लॉगिनच्या पानावर आलात. उजवीकडे बोट सरकवत जा. टॉकबॅक 'यूजरनेम, एडिट बॉक्स' असं काहीतरी सांगेल. तिथे दोनदा टॅप करा. यानंतर दोनपैकी एक गोष्ट होते, आणि कोणती झाली हे ओळखता आलं की निम्मं काम झालं.

पहिला प्रकार असा की पडद्याच्या खालून एक पट्टी वर येते, सेव्ह केलेला पासवर्ड वापरायचा का म्हणून. टॉकबॅक बहुधा स्वतःहून त्या पट्टीत शिरतं आणि बोलायला लागतं. उजवीकडे सरका, तुमचं यूजरनेम ऐकू येईल. एकापेक्षा जास्त खाती असतील, म्हणजे तुमचं आणि मंडळींचं, तर बरोबर नाव ऐकूनच त्यावर दोनदा टॅप करा. एकच खातं असेल तर पुढे जाण्याचं बटण मिळेल. यूजरनेम आणि पासवर्ड दोन्ही एकदम भरले जातात.

दुसरा प्रकार जरा फसवा आहे. पट्टी येत नाही, नुसता कीबोर्ड उघडतो, आणि सुचवलेलं नाव कीबोर्डच्या लगेच वर एका अरुंद ओळीत बसलेलं असतं. उजवीकडे सरकत राहिलं तर तुम्ही पानावरच फिरत राहता, त्या ओळीत पोचत नाही. गुरुजी इथेच महिनाभर अडले होते. उपाय साधा आहे. बोट कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या अक्षरांच्या ओळीवर ठेवा, तिथून किंचित वर न्या आणि डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा. तुमचं यूजरनेम ऐकू येईल, दोनदा टॅप करा. नाव नाही आलं तर त्याच ओळीत किल्लीचं चिन्ह असतं, ते सेव्ह केलेल्या पासवर्डबद्दल काहीतरी बोलेल. ते उघडलं की या साईटचे पासवर्ड दिसतात.

भरून झाल्यावर टॉकबॅक पुष्कळदा गप्प बसतं. भरलं की नाही ते कळत नाही, म्हणून माणूस परत टॅप करतो आणि गोंधळ होतो. तसं करू नका. एक पाऊल उजवीकडे सरकून पासवर्डच्या चौकोनावर या. रिकामा असेल तर फोन नुसतं चौकोनाचं नाव सांगेल, भरलेला असेल तर ठिपके किंवा अक्षरांची संख्या सांगेल. खरा पासवर्ड मोठ्याने बोलणार नाही. संख्या ऐकू आली की पुढे लॉगिनच्या बटणावर. कधी कधी तर पान उघडतानाच दोन्ही चौकोन भरलेले असतात, तेव्हा सरळ बटणच गाठायचं.

हे झालं वेबसाईटचं. अॅपमध्येही हाच पासवर्ड भरता येतो, पण फोनच्या सेटिंग्जमध्ये ऑटोफिल म्हणून शोधून तिथे गूगल निवडलेलं आहे ना, ते एकदा पाहा. काही कंपन्यांचे फोन स्वतःचाच कप्पा पुढे करतात. मग पासवर्ड एका ठिकाणी सेव्ह आणि शोधायचा दुसऱ्या ठिकाणी, अशी तऱ्हा होते. कोणता तरी एकच ठेवा. आणि काही बँकांच्या साईट पासवर्ड सेव्ह करूच देत नाहीत, तिथे इलाज नाही. यूपीआयचा पिन तर कुठेही सेव्ह करायचा नाही, नोटमध्येही नाही आणि कॉन्टॅक्टमध्ये नाव बदलून तर अजिबात नाही.

पासवर्ड सुचवलाच नाही तर थांबा

ही गोष्ट डोळसांनाही लागू आहे, पण दिसत नसलेल्याला दुप्पट. पासवर्ड सेव्ह होतो तो साईटच्या पत्त्यासकट. पान हुबेहूब तसंच असलं, बोधचिन्ह तेच, रंग तेच, नाव तेच, पण पत्ता वेगळा असेल तर फोन तो पासवर्ड पुढे करत नाही. खोट्या साईटला माणसाचा डोळा फसतो, पासवर्ड मॅनेजर पत्ता जुळवतो. रंग आणि चिन्ह बघून ओळखायची सोय ज्याला नाही, त्याच्यासाठी हा फार मोठा आधार आहे.

म्हणून रोजच्या साईटवर नेहमीप्रमाणे नाव सुचवलं नाही, तर 'आज नेट स्लो असेल' म्हणून हाताने पासवर्ड टाइप करायला जाऊ नका. आधी वर पत्त्याच्या पट्टीत जा आणि पत्ता अक्षर अक्षर ऐका. टॉकबॅकमध्ये वाचण्याची पद्धत बदलता येते. नव्या फोनवर तीन बोटं वर-खाली सरकवली की शब्द, अक्षर, शीर्षक असे पर्याय बदलतात. अक्षर निवडून एका बोटाने खाली सरकत गेलं की एकेक अक्षर ऐकू येतं. सरकारी साईटचा पत्ता बहुधा 'डॉट जीओव्ही डॉट इन' वर संपतो. त्याच्यापुढे तिरकी रेघ आली तर हरकत नाही. पण 'जीओव्ही डॉट इन' नंतर परत टिंब देऊन दुसरंच काही जोडलेलं असेल तर ते पान बंद करा. साईटचा पत्ता खरोखरच बदललाय असंही कधी घडतं, पण ते खात्री करून ठरवायचं, घाईत नाही. लिंक व्हॉट्सअॅपवरून आलेली असेल तर मुळात तिच्यावरून लॉगिनच करू नका.

याच ओघात एक धोका सांगायला हवा. टॉकबॅकला पडदा वाचायची परवानगी ज्या अॅक्सेसिबिलिटीच्या यादीतून मिळते, तीच परवानगी चोरांची अॅप मागतात. पीएम किसानच्या नावाने, आरटीओच्या चलनाच्या नावाने ज्या एपीके फाइल ग्रुपवर फिरतात, त्यातल्या बऱ्याच उघडल्या की 'अॅक्सेसिबिलिटी चालू करा' म्हणतात. चालू केलं की ते अॅप तुमचा पडदा वाचतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. अंध माणसाला या यादीत जायची सवय असते, त्यामुळे त्याला ते वावगं वाटत नाही. महिन्यातून एकदा ती यादी ऐकून काढा. टॉकबॅक किंवा तुम्ही स्वतः लावलेली सोय सोडून अनोळखी नाव चालू दिसलं, तर बंद करा आणि ते अॅप काढून टाका. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन.

कॅप्चाचं दुखणं

यूजरनेम भरलं, पासवर्ड भरला, आणि खाली वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहा म्हणून चित्र. टॉकबॅक ते चित्र वाचू शकत नाही, कारण यंत्राला वाचता येऊ नये म्हणूनच ते बनवलेलं असतं. काही ठिकाणी शेजारी स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबलं की आकडे ऐकू येतात. कित्येक साईटवर ते नसतंच, किंवा असलं तरी त्या बटणाला नाव दिलेलं नसतं, मग टॉकबॅक नुसतं 'बटण, बटण' म्हणत राहतं. यात दोष वापरणाऱ्याचा नाही, साईट बनवणाऱ्याचा आहे.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि सेवा देणारा सरकारी असो की खासगी, ती सेवा दिव्यांगांना वापरता येईल अशी देणं त्यात बंधनकारक आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने याच्या पुढे जाऊन सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. केवायसी करताना 'डोळे मिचकावा' म्हणणाऱ्या यंत्रामुळे अडलेल्या अॅसिड हल्लाग्रस्त महिला आणि दृष्टिहीन व्यक्ती न्यायालयात गेल्या होत्या. न्यायालयाने ऑनलाइन केवायसी सुगम करण्यासाठी २० निर्देश दिले. तेव्हा एखाद्या साईटवर अडलात तर गपगुमान सेंटर गाठण्याआधी त्या साईटच्या तक्रारीच्या पानावर किंवा हेल्पलाइनवर एक ओळ तरी नोंदवा: 'मी दृष्टिहीन आहे, कॅप्चाला आवाजाचा पर्याय नाही.' तक्रारीचा नंबर जपून ठेवा.

तोवर काम तर थांबत नाही. इथे मदत घ्या, खुशाल घ्या, पण कशाची घ्यायची ते ठरवून. कॅप्चा हे गुपित नाही. ती पाच अक्षरं शेजारच्या पोराने वाचून दाखवली तरी काही बिघडत नाही, दुसऱ्या मिनिटाला ती बदलतात. पासवर्ड आणि ओटीपी मात्र कोणालाच नाही, अगदी नातवालाही नाही. बी माय आईज नावाचं मोफत अॅप आहे, त्यात कॅमेऱ्यातून बघून स्वयंसेवक वाचून दाखवतात. तेही चालेल, फक्त आधी पासवर्ड फोनमधून भरून घ्या, म्हणजे पडद्यावर नुसते ठिपके असतील. गुरुजींच्या घरी आता हीच पद्धत आहे. नातू येतो, कॅप्चा वाचतो, खेळायला जातो.

आवाज आणि कुलूप

बोलणाऱ्या फोनची एक अडचण म्हणजे तो सगळ्यांच्या देखत बोलतो. एसटीत बसलात, ओटीपीचा मेसेज आला, आणि फोनने तो अख्ख्या सीटला ऐकवला, असं होतं. एका कानात हेडफोन ठेवायची सवय लावा. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर येणार नाही अशी सेटिंग नोटिफिकेशनमध्ये असते, ती करून घ्या. टॉकबॅकच्या सेटिंग्जमध्ये पासवर्ड बोलण्याचा पर्याय असतो, तो बंदच असू द्या. शिवाय टॉकबॅकच्या मेनूत पडदा लपवण्याची सोय असते. नव्या फोनवर तीन बोटांनी एकदा टॅप केलं की हा मेनू उघडतो. पडदा लपवला की तो काळा होतो, फोन मात्र चालू राहतो, तुम्ही ऐकत काम करत राहता आणि शेजारच्याला काही दिसत नाही.

आता एक कडू गोष्ट. पासवर्ड फोनमध्ये ठेवलेत म्हणजे सगळ्या किल्ल्या एका पेटीत ठेवल्यात. पेटीचं कुलूप म्हणजे फोनचा लॉक. ज्याला तुमच्या फोनचा पिन माहीत आहे त्याला तुमचे पासवर्ड मिळालेच समजा. पिन १२३४ ठेवून वरची सगळी मेहनत करण्यात अर्थ नाही. बोटाच्या ठशाचा लॉक दृष्टिहीनांना सोयीचा, पण त्याच्यामागेही पिन असतोच, तो बदला आणि स्वतःपुरता ठेवा. शेतात राबलेल्या हाताचे ठसे पुष्कळदा लागत नाहीत. तसं असेल तर दोन-तीन बोटं नोंदवून ठेवा, किंवा एकच बोट दोनदा नोंदवा. जीमेल खात्यात रिकव्हरीचा म्हणून जो मोबाईल नंबर आहे तो तुमचाच आणि चालू आहे ना, हेही बघा. तो नंबर बंद पडलेल्या सिमचा असेल आणि खातं हातचं गेलं, तर पासवर्डही त्याच्याबरोबर गेले.

सेंटरच्या किंवा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर 'सेव्ह' कधीच दाबू नका. घरी स्वतःचा कॉम्प्युटर असेल तर विंडोजसाठी एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर आहे. तिथे रीत वेगळी. टॅब दाबत यूजरनेमच्या चौकोनात यायचं, खालचा बाण दाबायचा की सेव्ह केलेली नावं एकेक ऐकू येतात, हव्या त्या नावावर एंटर. आयफोनवर टॉकबॅकच्या जागी व्हॉइसओव्हर असतं, आणि सुचवलेला पासवर्ड तिथेही कीबोर्डच्या वरच्या पट्टीतच सापडतो.

आणि जुना फोन विकताना किंवा नातवंडाला देताना आधी सेटिंग्जमधून आपलं गूगल खातं काढा, मग फोन रिसेट करा. नुसतं सिम काढून दिलं तर पासवर्डची पेटीही फोनबरोबर गेली.